कुंपणाबाहेरचा नळ

मी ज्या गावात वाढलो त्याच्या एका बाजूला ओढा होता आणि दुसऱ्या बाजूला लष्कराची छावणी. ओढ्याला पाणी पावसाळ्यापुरते, छावणीला बारमाही. तारेच्या कुंपणापलीकडे चुना मारलेल्या दगडांच्या रांगा, कापलेले गवत आणि एक भलीमोठी लोखंडी टाकी दिसायची. आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाला पहाटे अर्धा-पाऊण तास पाणी येई. अम्मी आणि शेजारच्या काकू रात्रीच हंडे-कळश्या रांगेला लावून ठेवत. दादी ओट्यावर बसून टाकीकडे बघत म्हणायची, "उनकी टंकी कब्बी खाली नै होती, हमारा नल कब्बी पूरा नै आता. ये कौन-सा हिसाब है?" अब्बा शिंपी होते. जवानांच्या वर्द्या उसवून, बेतून, पुन्हा शिवून देत. आमच्या घराची चूल छावणीवर पेटत होती, त्यामुळे दादीच्या प्रश्नाला ते उत्तर देत नसत. मान खाली घालून मशीन चालवत राहत.

पुढे मी कवितेच्या नादी लागलो, बी. ए. झालो, नोकरी धरली, आणि दादीचा हिशोब मागे पडला. तो पुन्हा आठवला तो थेट अमेरिकेत. माझी एक भाची सॅन डिएगोला असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो. सॅन डिएगो म्हणजे अमेरिकी नौदलाचे मोठे ठाणे. बंदरात राखाडी रंगाच्या युद्धनौका उभ्या असतात आणि डोक्यावरून विमाने जातात. एके दिवशी भाचीने मला लिंडा व्हिस्टा नावाच्या वस्तीत नेले. तिथे एका मैत्रिणीकडे तिचे काम होते. बुटकी, एकसारखी, साधी घरे. मी विचारले, "ही सरकारी चाळ आहे की काय?" ती म्हणाली, "मामू, होतीच. लढाईच्या वेळी सरकारने बांधलेली." त्या धाग्याला धरून मी वाचत गेलो. जे हाती आले ते आज सांगतो.

विषय वरवर रुक्ष आहे. लष्करी तळाशेजारच्या गावांना सरकारने दिलेली अनुदाने. परंतु या रुक्ष कागदांत पाणी आहे, शाळा आहेत, पाळणाघरे आहेत, आणि कोणाला गावकरी म्हणायचे आणि कोणाला नाही याचे मोठे भांडणही आहे.

१९३९ मध्ये अमेरिकेचे लष्कर अगदी लहान होते. जेमतेम एक लाख नव्वद हजार माणसे. युरोपात युद्ध पेटले, सप्टेंबर १९४० मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला आणि १९४१ च्या मध्यापर्यंत ही संख्या चौदा लाखांच्या वर गेली. एवढी माणसे ठेवायची कुठे? मग माळरानांवर, पाइनच्या जंगलांत, दलदलीच्या कडेला छावण्या उभ्या राहिल्या. फ्लोरिडा राज्यातले स्टार्क हे गाव घ्या. वस्ती दीड हजाराच्या आसपास. त्याच्याजवळ कॅम्प ब्लँडिंग बांधायला काढले तेव्हा नुसते सुतार-गवंडी-मजूरच वीस हजारांच्या घरात आले. पुढे छावणी भरली तेव्हा लोकसंख्येच्या हिशेबाने ती फ्लोरिडातले चौथ्या क्रमांकाचे शहर ठरली. दीड हजार माणसांसाठी खणलेल्या विहिरी, तेवढ्यांपुरतीच गटारे, तेवढ्याच मुलांची शाळा. अशा गावांत माणसे तंबूत, मोटारीत, कोंबड्यांच्या खुराड्यांत राहिली. एका खोलीतली खाट तीन पाळ्यांत तीन माणसांना भाड्याने दिली गेली. या स्थलांतराची चौकशी करायला संसदेने जॉन टोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने गावोगाव जाऊन साक्षी घेतल्या, आणि ते खंड आजही वाचण्यासारखे आहेत.

इथे अमेरिकेतल्या कारभाराची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. तिथे गावाची शाळा मुख्यतः गावाच्या घरपट्टीवर चालते. ज्याचे घर, त्याने पट्टी भरायची आणि त्या पैशातून मास्तरांचा पगार द्यायचा. लष्कराची जमीन केंद्र सरकारची, आणि केंद्राच्या मालमत्तेवर गावाला कर बसवता येत नाही. म्हणजे छावणीसाठी हजारो एकर जमीन गेली की तेवढी घरपट्टी बुडाली. त्याच वेळी छावणीतल्या शिपायांची मुले गावच्या शाळेत आली, म्हणजे खर्च वाढला. उत्पन्न घटले आणि तोंडे वाढली. आपल्याकडेही राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राची मालमत्ता राज्याच्या आणि स्थानिक करांतून मोकळी आहे, आणि म्हणूनच कटक मंडळांना केंद्राकडून कराऐवजी 'सेवाशुल्क' मिळण्याची पद्धत आहे. ते वेळेवर मिळते का, हा प्रश्न कटक मंडळाच्या कोणत्याही जुन्या सदस्याला विचारून बघा. अर्धा तास तुमचा गेलाच म्हणून समजा.

१४ ऑक्टोबर १९४० रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. टेक्सासचे प्रतिनिधी फ्रिट्झ लॅनहॅम यांनी तो मांडला होता, म्हणून त्याला लॅनहॅम कायदा म्हणतात. सुरुवातीला तो फक्त घरांचा होता. लष्करी तळ आणि युद्धसामग्रीचे कारखाने यांच्या आसपास सरकारने घरे बांधायची. लिंडा व्हिस्टा ही त्यातलीच वस्ती. १९४१ मध्ये तिथे सुमारे तीन हजार घरे झपाट्याने उभी राहिली. माणसे राहायला आली तेव्हा लक्षात आले की एवढ्या वस्तीत साधे किराणा दुकानही नाही. मिठाची पुडी आणायची तर बस धरून दुसऱ्या वस्तीत जायचे. योजना करणाऱ्यांनी माणसांची डोकी मोजली होती, माणसांना मीठ लागते हे ते विसरले. हे काही अमेरिकेतच घडते असे नाही.

अशाच तक्रारी चहूकडून आल्यावर जून १९४१ मध्ये कायद्याला दुसरा भाग जोडला गेला. आता शाळा, पाणीपुरवठा, मैलापाण्याची गटारे, दवाखाने, रस्ते, करमणुकीची सभागृहे यांनाही पैसा मिळू लागला. अट एकच. संरक्षणाच्या कामामुळे गावावर भार पडला आहे आणि गावाला तो स्वतःच्या जिवावर पेलत नाही, हे दाखवून द्यायचे. स्वतः लॅनहॅम हे सरकारने कायमची घरे बांधण्याच्या विरोधात होते. घरे युद्धापुरती, युद्ध संपले की मोडून टाकायची, गरिबांच्या वस्तीसाठी ती परस्पर वापरायची नाहीत, असा त्यांचा आग्रह कायद्यात उतरला. म्हणजे गावाला मदत करायची ती गाव गरजू आहे म्हणून करायची नाही, लष्कराला अडचण होते म्हणून करायची. ही मेख पुढच्या ऐंशी वर्षांच्या साऱ्या योजनांत दिसते.

या मेखेतूनच एक नवल घडले. कायद्यात पाळणाघराचा उल्लेखही नव्हता. पण पुरुष लढाईवर गेले, बाया कारखान्यांत आल्या आणि मुले कुलूपबंद घरात किंवा कारखान्याच्या आवारात उभ्या केलेल्या मोटारीत राहू लागली. तेव्हा १९४२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी कायद्याचा अर्थ जरा ताणला. पाण्याचा नळ जर सार्वजनिक सोय असेल तर पाळणाघर का नसावे? पैसा मिळाला. जुलै १९४४ मध्ये अशी तीन हजारांहून अधिक केंद्रे चालू होती आणि त्यांत सुमारे एक लाख तीस हजार मुले होती. आईने दिवसाला पन्नास सेंट द्यायचे, म्हणजे अर्धा डॉलर. त्यात जेवणही येई. युद्धकाळात सगळी मिळून साडेपाच ते सहा लाख मुले या केंद्रांतून गेली असावीत, असा अंदाज आहे. युद्ध संपले आणि फेब्रुवारी १९४६ अखेर पैसा बंद झाला. आयांनी पत्रे पाठवली, निदर्शने केली. कॅलिफोर्निया राज्याने आपली केंद्रे स्वतःच्या पैशाने चालू ठेवली, इतर ठिकाणी बहुतेक बंद पडली. पुढे २०१७ मध्ये ख्रिस हर्ब्स्ट या अर्थशास्त्रज्ञाने त्या मुलांचे पुढले आयुष्य आकडेवारीतून तपासले. या केंद्रांना जिथे जास्त पैसा मिळाला होता तिथली मुले मोठेपणी नोकरी-कमाईत बरी निघाली, असे त्याला आढळले. तोवर ती मुले पंचाहत्तरीला आली होती.

पाण्याची गोष्ट मात्र सॅन डिएगोचीच. हे शहर समुद्राकाठी असले तरी कोरडे. पाऊस वर्षाला जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. आपल्या माणदेशातला माणूससुद्धा हळहळेल. १९४० च्या जनगणनेत दोन लाख तीन हजार वस्ती होती, १९५० मध्ये ती तीन लाख चौतीस हजार झाली. मध्ये युद्ध, आणि युद्धात नौदल. शहराच्या तळ्यांतले पाणी दोघांना पुरेना. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात शहराचा हक्क होता, तो कागदावर. नदीचे पाणी लॉस एंजलिसच्या बाजूने येणाऱ्या मोठ्या कालव्यातून आणायचे तर एकाहत्तर मैलांची जलवाहिनी हवी होती. एवढा खर्च शहराच्या आवाक्यात नव्हता. १९४४ अखेरीस रूझवेल्ट यांनी नौदलाला हुकूम दिला की ती तुम्ही बांधा. काम १९४५ मध्ये सुरू झाले आणि लगेच युद्ध संपले. झाले! आता नौदल म्हणू लागले की आमची निकड संपली, काम थांबवा. खणलेले चर तसेच उघडे राहिले असते. शेवटी तोडगा निघाला. नौदलाने काम पुरे करायचे आणि शहराने ती जलवाहिनी भाड्याने घेऊन वर्षाला पाच लाख डॉलर भरत खर्च फेडायचा. नोव्हेंबर १९४७ मध्ये सॅन व्हिसेंटे जलाशयात कोलोरॅडोचे पाणी पडले. भाचीच्या घरचा नळ सोडला की त्या कराराची आठवण मला येई. तिला मात्र त्याचे काही नव्हते. तिच्या नळाला चोवीस तास पाणी असते.

पुण्याच्या वाचकांना यात फार नवे वाटणार नाही. खडकवासल्याच्या धरणाला पूर्वी फाइफ साहेबांचे तळे म्हणत. कर्नल फाइफ हे इंजिनिअर. १८७० च्या दशकात झालेल्या त्या कामामागे शेतीला पाणी हा हेतू होता, तसाच पुणे आणि खडकीच्या छावण्यांना स्वच्छ पाणी हाही होता. १८६३ मध्ये आलेल्या शाही आयोगाच्या अहवालाने दाखवून दिले होते की हिंदुस्थानातले गोरे शिपाई लढाईत मरतात त्याहून किती तरी अधिक घाणेरड्या पाण्याने आणि रोगाने मरतात. वर्षाला हजारी एकोणसत्तर, असा तो आकडा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी त्या अहवालासाठी रात्रंदिवस खपून आकडे मांडले आणि सांगितले की छावणी स्वच्छ ठेवून भागणार नाही, शेजारचे गावही स्वच्छ पाहिजे. रोगाला कुंपण कळत नाही. साहेबाला हे पटले ते शिपायांच्या जिवासाठी. पण पाणी आले, आणि आज सारे पुणे त्यावर जगते.

आता त्या भांडणाकडे येतो.

मिसिसिपी राज्यातल्या हॅटीसबर्ग गावाजवळ कॅम्प शेल्बी ही मोठी छावणी. सुट्टीच्या संध्याकाळी शिपायाला बसायला, चहा-कॉफी प्यायला, नाचायला जागा हवी म्हणून देशभर सभागृहे उभी राहिली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांचे सभागृह वेगळे, काळ्यांचे वेगळे. हॅटीसबर्गमध्ये पूर्व सहाव्या रस्त्यावर १९४२ मध्ये खास काळ्या शिपायांसाठी एक सभागृह उघडले. ते आजही उभे आहे. २००९ पासून तिथे काळ्या सैनिकांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. ज्या देशासाठी मरायला निघाले त्याच देशाच्या तिजोरीतून दोन दारे बांधली गेली. एकाच गणवेशातली दोन माणसे गावात आली की त्यांनी वेगवेगळ्या दाराने आत जायचे.

युद्धानंतर, जुलै १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला. अंमल व्हायला काही वर्षे गेली, पण १९५४ पर्यंत कुंपणाच्या आत काळा आणि गोरा शिपाई एका बराकीत झोपू लागले, एका टेबलाशी जेवू लागले. कुंपणाबाहेर मात्र जुनेच राज्य. त्यातच १९५० मध्ये दोन नवे कायदे आले होते. एकाने लष्करी तळांशेजारच्या शाळांना इमारतींसाठी, दुसऱ्याने चालू खर्चासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. बुडालेल्या घरपट्टीची ही भरपाई. आजही ती योजना चालू आहे. इमारतीचा पैसा घेताना शाळा मंडळाला लिहून द्यावे लागे की तळावरच्या मुलांना इतर मुलांसारख्याच अटींवर शिकवू. दक्षिणेतल्या मंडळांनी बेधडक लिहून दिले, पैसा घेतला आणि काळ्या हवालदाराच्या मुलाला काळ्यांच्या शाळेत धाडले. 'इतर मुलांसारख्याच अटींवर' म्हणजे आमच्याकडच्या काळ्या मुलांसारख्या, असा त्यांचा अर्थ. दोन शिपाई शेजारी-शेजारी राहतात, एका तुकडीत कवायत करतात, आणि सकाळी त्यांची मुले दोन वेगळ्या बसमध्ये चढतात. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सप्टेंबर १९६२ मध्ये केंद्र सरकारच्या न्याय खात्यानेच व्हर्जिनियातल्या प्रिन्स जॉर्ज काउंटीच्या शाळा मंडळावर दावा लावला. शेजारी फोर्ट ली हा तळ. सरकारचे म्हणणे साधे होते. तुम्ही आमचे पैसे घेतलेत, वचन दिलेत, ते पाळा. १९६३ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. इतर काही राज्यांत मात्र असेच दावे फेटाळले गेले. तेव्हा लढाई पुढे नेली ती पालकांनी. लुइझियानात बोझर परगण्यात बार्क्सडेल हा हवाई तळ आहे. तिथल्या काळ्या वायुसैनिकांनी आपल्या मुलांसाठी दावा केला. शाळा मंडळाने उत्तर काय दिले? की ही मुले सरकारी जमिनीवर राहतात, आमच्या गावची नाहीतच. आम्ही त्यांना शिकवतो ते मेहेरबानी म्हणून, त्यांना आमच्या शाळेवर हक्क सांगता येत नाही. पैसा घेताना ती मुले मोजली होती, हक्क देताना ती परकी झाली. १९६७ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाला ठणकावले की अनुदान घेताना दिलेल्या वचनाने तुम्ही बांधलेले आहात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तर तोवर स्पष्टच केले होते की केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कामात वर्णावरून भेद चालणार नाही. नैतिकतेची भाषणे वर्षानुवर्षे चालली होती, पण मंडळांना बांधणारी होती ती अनुदानाच्या अर्जाखालची त्यांचीच सही. मी कवी माणूस, शब्दांवर जगणारा. सरकारी अर्जातल्या एका रुक्ष ओळीची ताकद कळली तेव्हा मला थोडी असूयाच वाटली.

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात. १९६१ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्या काळात एक लहानसे कार्यालय निघाले. तळ बंद झाला की त्यावर पोट असलेल्या गावाचे काय करायचे, हे बघणारे. छावणी येते तेव्हा गावाचा घास अडकतो आणि जाते तेव्हा गाव उपाशी राहते. आमच्या अब्बांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. एखादी पलटण हलली की दोन महिने मशीन थंड असे. १९७० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या बँगर येथे ट्रायडेंट पाणबुड्यांचा तळ ठरला तेव्हा किटसॅप काउंटीतल्या रस्ते, शाळा, पाणी यांच्यासाठी संसदेने खास तरतूद केली. पण अशी तरतूद दर वेळी वेगळी मागावी लागे. नियमित योजना यायला २०१८ चा कायदा उजाडला. २०२० मध्ये तिला पहिले पाच कोटी डॉलर मिळाले. तळाबाहेरचा पण तळाला उपयोगी पडणारा रस्ता, शाळा, दवाखाना, आगीचे बंब, पाणी, वीज यांसाठी हा पैसा. काम गावाच्या मालकीचे असले पाहिजे. साधारण तीस टक्के खर्च स्थानिकांनी उचलायचा, लहान ग्रामीण वस्त्यांना त्यातून सवलत. त्या साऱ्या देशाच्या संरक्षण खर्चात ही रक्कम चिमूटभरच, पण एखाद्या आडगावाला मैलापाण्याचा नवा प्रकल्प मिळतो तो याच चिमटीतून.

या योजनेच्या अर्जाला एक पत्र जोडावे लागते. तळाच्या प्रमुख अधिकाऱ्याचे, की हे काम आम्हालाही हवे आहे. ते वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

मी सातवीत असताना आमच्या गल्लीने छावणीच्या साहेबाला अर्ज केला होता. मजकूर गल्लीतल्या मोठ्यांचा, अक्षर माझे. उन्हाळा कडक होता, नळाला चार-चार दिवस थेंब नव्हता. अब्बा वर्द्या पोचवायला गेले तेव्हा अर्ज घेऊन गेले आणि घाबरतच देऊन आले. आठ दिवसांनी दोन जवान पान्हे घेऊन आले. त्यांनी टाकीपासून एक पाइप ओढला आणि कुंपणाबाहेर हातभर अंतरावर एक तोटी बसवली. रोज संध्याकाळी दोन तास. दादी स्वतः कळशी घेऊन गेली. तिला उचलवेना, तरी गेली. पहिली कळशी तिने त्या जवानांपैकी एकाच्या हातावर ओतली, हात धुवायला.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी चौकशी केली की हा जोड कोणाच्या हुकमाने आहे. हुकूम कागदावर नव्हता. तोटी काढून नेली. पाइपाचा दांडा मात्र बरीच वर्षे तिथेच उभा होता. अब्बा छावणीत जाताना त्याला सायकल टेकवून ठेवत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)